डॉक्टर निवडताना आक्काने विचारलेले प्रश्न

आमची थोरली बहीण, आम्ही सारे तिला आक्का म्हणतो, विक्रोळीला पोळीभाजी केंद्र चालवते. पहाटे पाचला शेगडी पेटते ती दुपारी दोनपर्यंत, आणि तोवर आक्का उभीच. वय ४७, उंची पाच फुटांना इंचभर कमी, वजन ९६ किलो. नऊ वर्षांपासून साखर, तिच्या मागोमाग बीपी. गुडघे धरले म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे नेले, तर त्यांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "गुडघ्यांचे नंतर बघू. आधी वजनाच्या सर्जनना भेटा." वजनाचाही सर्जन असतो हे आम्हाला त्या दिवशी कळले.

वाचकहो, जाड माणूस हा आपल्या घरांत चेष्टेचा विषय. लग्नात, बारशात कुणीही येतो आणि "खात्यापित्या घरची" म्हणून हसून जातो. आक्का काय खाते ते आम्हीही कधी पाहिले नव्हते. ती जेवते दुपारी तीनला, उरलेल्या पोळ्या आणि पातेल्याच्या तळाचा रस्सा. आणि सकाळपासून सात-आठ वेळा साखरेचा चहा. उपासही तिने केले, मधाचे पाणी प्यायली, शेजारणीने विकलेला पावडरीचा डबाही संपवला. दर वेळी चार किलो उतरले आणि सहा चढले.

शेजारी म्हणाले, ते ऑपरेशन तर पाचशे किलोच्या माणसाचे असते. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद उपचारासाठी मुंबईत आल्या होत्या, त्यांचे वजन वर्तमानपत्रांनी पाचशे किलो छापले होते. तेच लोकांच्या डोक्यात बसले आहे. प्रत्यक्षात हिशेब वेगळा आहे. किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, याला डॉक्टर बीएमआय म्हणतात. आक्काची उंची दीड मीटर, तिचा वर्ग सव्वादोन. ९६ भागिले सव्वादोन म्हणजे ४२.७. पूर्वी जगभर ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत साखरेसारखा आजार, असे असेल तरच शस्त्रक्रिया सुचवत. २०२२ साली सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही रेषा खाली आणली, आणि आशियाई लोकांसाठी ती २७.५ पर्यंत नेली, कारण आपल्या लोकांना कमी वजनातच साखर गाठते. म्हणून नुसता "तुम्ही बसता" हा निरोप फारसा कामाचा नाही. आज पुष्कळ जण बसतात. आपण कोणाच्या हाती पोट देणार, हा खरा प्रश्न.

पहिल्यांदा गेलो ते हमरस्त्यावरच्या एका मोठ्या केंद्रात. नाव लिहीत नाही. भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो, थंडगार हवा, आणि बसायला हातांच्या अरुंद खुर्च्या! जाड माणसांच्या दवाखान्यात आक्काला बसायला खुर्ची नाही. ती उभीच राहिली. आधी एका मुलीने तासभर बोलून घेतले. ती डॉक्टर नव्हती. मग सर्जन साहेब आले, पाचसात मिनिटे बोलले, तेही आमच्याकडे पाहून. "यांना स्लीव्ह करू. तीन दिवसांत घरी." आक्काने धीर करून विचारले, "डॉक्टरसाहेब, काही वाईटही होते का हो?" ते हसले. "काळजी आमच्यावर सोडा, मावशी." बाहेर त्या मुलीने कागद पुढे केला: आज नोंदवले तर पंचवीस हजार सूट, बाकीचे हप्त्याने. आम्ही सही करायच्या बेतात होतो, कबूल करतो. आक्काने पिशवी उचलली. "सूट साडीवर देतात," एवढेच म्हणाली.

त्यानंतर आम्ही ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली आहे अशी माणसे शोधू लागलो. शोधले की सापडतात; फक्त कोणी आपणहून सांगत नाही. "पित्ताशयाचे ऑपरेशन" असे घरी सांगून झालेल्या दोन बायका आम्हाला भेटल्या.

शस्त्रक्रिया म्हणजे काय हे त्यांच्याचकडून नीट समजले. स्लीव्हमध्ये दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात, केळ्यासारखी नळी उरते. काढलेला भाग परत बसवता येत नाही. बायपासमध्ये जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. साखर जुनी असेल किंवा छातीत जळजळ फार असेल, तर पुष्कळदा बायपास बरा पडतो. स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते. दोन्हींत भूक मंदावते, नुसते पोट लहान होते असे नाही. आणि दोन्हींनंतर जन्मभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या, बी-१२, लोह, कॅल्शियम, आणि ठरावीक काळाने रक्ताची तपासणी. हे "जन्मभर" दोघींनाही आधी कोणी ठासून सांगितले नव्हते.

त्यांतल्या एकीचे ऐकून आम्हाला रात्री झोप लागली नाही. ती मराठवाड्यातल्या एका शहरातली. तिच्या गावच्या दवाखान्यात मोठ्या शहरातले सर्जन महिन्यातून एकदा येत. शस्त्रक्रिया चांगली झाली. तिसऱ्या आठवड्यापासून उलट्या. सर्जन तीनशे किलोमीटरवर. फोन त्यांचा सहायक उचले. गावच्या डॉक्टरांना या शस्त्रक्रियेची ओळख नव्हती, ते सलाईन लावून घरी पाठवत. पायांना मुंग्या येऊन तोल जाऊ लागला तेव्हा शेवटी मोठ्या रुग्णालयात नेले. तिथे कळले की सततच्या उलट्यांनी शरीरातले बी-१ जीवनसत्त्व संपले होते. इंजेक्शनांनी ती सावरली, पण चालताना अजून भिंत धरते. "सर्जन वाईट नव्हते, बाई," ती आक्काला म्हणाली, "पण ते माझे नव्हते, पाहुणे होते."

कल्याणच्या एका बस कंडक्टरची गोष्ट निराळी. बीएमआय ३४, साखर बेताल. सर्जन म्हणाले, करू या. विमा कंपनी म्हणाली, नाही. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, आणि साधे उपाय करून झाले असले पाहिजेत, अशी अट आहे. डॉक्टरांची रेषा आणि विम्याची रेषा एक नाही. या भावाने प्रवेशाची रक्कम भरल्यावर हे त्याला कळले. त्याने शस्त्रक्रिया केली नाही. साखरेच्या डॉक्टरांनी औषधे बदलून दिली, चालणे लावले, वजन नऊ किलो उतरले आहे. वजन उतरवणारी नवी इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडेही मिळू लागली. त्यांचाही पर्याय डॉक्टरांनी त्याला सांगितला. म्हणजे सर्जनकडे जाण्याआधी साखरेच्या डॉक्टरांना विचारणे वाया जात नाही.

दोन महिन्यांनी आम्ही एका धर्मादाय रुग्णालयात गेलो. तिथे आधी केसपेपर, मग आहारतज्ज्ञ बाई, मग सर्जन. सकाळी आठला गेलेलो दुपारी दोनला आत. मात्र आत गेल्यावर त्यांनी आम्हाला बाजूच्या खुर्चीवर बसवले आणि आक्काला विचारले, "ताई, तुम्हाला काय हवे आहे?" आक्का गडबडली. एवढ्या वर्षांत तिला हे कोणी विचारले नव्हते. म्हणाली, "मला माझे केंद्र चालवायचे आहे. मूल होते म्हणून उभी राहिले, आता मुलाचे शिक्षण आहे म्हणून उभे राहायचे आहे."

त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर जठराचे चित्र काढले. मग विचारले, "तंबाखू?" आम्ही ठामपणे सांगितले, नाही. डॉक्टर आक्काकडेच बघत राहिले. "मिश्री लावता?" आक्काने मान खाली घातली. दिवसातून चार वेळा. चाळीस वर्षांच्या सोबतीत आम्हाला याचा पत्ता नव्हता. तंबाखूने जखमा नीट भरत नाहीत, टाक्यांच्या जागी अल्सर होतो, फुप्फुसाचा धोका वाढतो, असे त्यांनी समजावले. "मिश्री दोन महिने पूर्ण बंद. आणि झोपेत श्वास अडकतो का त्याची तपासणी करून या. मग तारीख बोलू."

आक्का बाहेर येऊन आमच्यावरच चिडली. "तिकडे उद्या करायला तयार होते, इथे दोन महिने थांबा म्हणतात!" विक्रोळी येईपर्यंत ती बोलली नाही. रात्री मात्र पोळ्यांच्या हिशेबाची वही काढून मागच्या पानावर तिने प्रश्न लिहून घेतले, आणि पुढच्या वेळी ती वही उघडून बसली. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः करता? माझ्या वेळी चाकू तुमच्याच हातात असेल ना? रात्री दोनला उलटी झाली तर फोन कोण उचलेल? आयसीयूत जास्त दिवस लागले तर बिल किती वाढेल? आणि तोच जुना प्रश्न, वाईट काय झाले आहे?

डॉक्टरांनी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केली. त्यांच्या एका रुग्णाच्या जठराच्या शिवणीतून गळती झाली होती. पुन्हा पोट उघडावे लागले, तीन आठवडे रुग्णालयात काढावे लागले, पण तो वाचला. पायांत रक्ताच्या गाठी होऊ शकतात. अनुभवी केंद्रांतही हजारी एक ते तीन माणसे दगावतात. वजन साधारण पाव ते तीस टक्के उतरते, दोन वर्षांनंतर थोडे परत येते. ज्यांचे बरेच परत येते असेही लोक आहेत. हे सगळे ऐकून आमच्या अंगाला घाम फुटला. आक्का उलट सैल झाली. "ज्याला वाईट सांगता येते त्याच्याकडे जायचे," बाहेर येऊन म्हणाली. आम्हाला हा निकष आजही पुरेसा वाटत नाही. म्हणून आम्ही त्यांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत पाहिला. तो त्यांच्या चिठ्ठीवर छापलेलाच होता. सर्जरीतली पदव्युत्तर पदवीही पाहिली. "ओबेसिटी तज्ज्ञ" ही पाटी कोणीही लावतो.

आता पैशाचे. खासगीत आम्हाला अडीच ते साडेचार लाखांचे आकडे मिळाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणीही ही शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून तिथेही चौकशी करावी. सरकारी योजनेत बसते का ते काउंटरवरच्या आरोग्यमित्राला विचारावे. आणि आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसलेली गोष्ट: राज्यातल्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेपासून हे बंधन आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन समाजसेवा अधीक्षकांना भेटायचे. आम्हाला तीन फेऱ्या पडल्या, पहिल्या दोन वेळा "खाट नाही" ऐकावे लागले, तिसऱ्या वेळी अर्ज लेखी दिला आणि पोच मागितली. पोच मागितल्यावर खाट सापडली. दर आणि रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात दर्शनी लावलेली असली पाहिजे, हेही २०२१ पासून राज्याच्या नियमांत आहे. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हा आपला हक्क, त्याला डॉक्टरांनी रागावायचे कारण नाही. आपल्या केसपेपरच्या प्रती मागितल्या तर ७२ तासांत मिळायला हव्यात. पहिल्या केंद्राने आक्काचे रक्ताचे रिपोर्ट ठेवून घेतले होते, ते आम्ही असेच सोडवून आणले.

उरलेल्या रकमेसाठी पतपेढीचे कर्ज काढले, आक्काची भिशी त्याच महिन्यात लागली.

शस्त्रक्रियेला आता चौदा महिने झाले. बायपास केला. पहिले पंधरा दिवस नुसते पातळ, मग डाळीचे पाणी, मग मऊ भात; एकदा घाईने लग्नातली बासुंदी चार घास घेतली तर घाम, धडधड, चक्कर, तासभर झोपून राहावे लागले. केस मूठमूठ गळले, सहाव्या महिन्यापासून परत आले. वजन ७१ वर आहे. साखरेचे इन्सुलिन बंद झाले, एक गोळी चालू आहे. गुडघ्यांचे डॉक्टर म्हणतात, अजून काही वर्षे तरी थांबता येईल.

नातेवाईक मात्र ताट पुढे करायचे सोडत नाहीत. "आक्का, अर्धीच पोळी? आजारी आहेस का?" आक्का आता खोटे बोलत नाही, पोटावरच्या खुणा मोजून दाखवते. मागच्या महिन्यात शेजारच्या चाळीतल्या एक वहिनी रंगीत जाहिरात घेऊन तिच्याकडे आल्या होत्या. आक्काने पोळ्या लाटता लाटताच त्यांना विचारले, "मिश्री लावता का?" आणि वहीचे मागचे पान फाडून दिले. या गुरुवारी आक्काच्या रक्ततपासणीची तारीख आहे, वहिनीही बरोबर जाणार आहेत. सहाची लोकल धरायची, नाहीतर केसपेपरची रांग गेटाबाहेर जाते.