पलटण कशी जिंकली?

श्रोतेहो, निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. पारा उतरला की द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटतात; आणि त्याच दिवसांत, संध्याकाळच्या वेळी, गावोगावच्या मोकळ्या जागांवर फक्कीच्या रेघा आखून कबड्डीचे डाव रंगतात. आपल्या वडीलधाऱ्या मंडळींनी ज्यास हुतुतू म्हटले, तोच हा खेळ. अशा मैदानाभोवती दाटीने उभ्या असलेल्या प्रेक्षकांना विचारावे की, संघ जिंकतो तो कोणाच्या बळावर? बहुतेक जण उत्तम चढाई करणाऱ्या गड्याचे नाव सांगतील. बक्षिसे त्याला, हारतुरे त्याला आणि टाळ्याही त्यालाच. हा समज कितपत खरा आहे, याची परीक्षा एका व्यावसायिक संघाच्या एका हंगामावरून करावी, असे मी आज योजिले आहे. तो संघ म्हणजे पुणेरी पलटण, आणि तो हंगाम म्हणजे २ डिसेंबर २०२३ ते १ मार्च २०२४ या तीन महिन्यांचा प्रो कबड्डी स्पर्धेचा दहावा हंगाम.

ही व्यावसायिक स्पर्धा जुलै २०१४ मध्ये सुरू झाली. पुण्याचा संघ पहिल्या दिवसापासून तीत आहे. पण पहिल्या दोन्ही हंगामांत तो गुणतक्त्याच्या अगदी तळाशी राहिला. पुढे तो कधी तिसरा आला, कधी मागे पडला. विजेतेपद मात्र हुलकावणी देत राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईस झालेल्या नवव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात तो प्रथमच पोचला, आणि जयपूरच्या संघाकडून ३३–२९ असा हरला. या पराभवाचे एक कारण उघड होते. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोघे प्रमुख चढाईपटू दुखापतीमुळे त्या सामन्यात खेळू शकले नाहीत.

येथे खेळाच्या यंत्रणेकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. प्रत्येक बाजूस सात गडी असतात. चढाई करणारा तीस सेकंदांत समोरच्या अंगणात जाऊन गडी टिपतो आणि परततो. जितके गडी टिपले, तितके त्याच्या संघास गुण मिळतात. परंतु त्यास समोरच्यांनी धरून ठेविले, तर गुण त्यांना मिळतो आणि हा गडी बाहेर जाऊन बसतो. त्याच्या बाजूने पुन्हा गुण मिळवून त्याला जिवंत करीपर्यंत त्यास आत येता येत नाही. म्हणजे ज्या संघाची सारी भिस्त एकाच चढाईपटूवर असते, त्याला जेरबंद करण्यास एक नेटकी पकड पुरते. तो बाहेर बसला की गुण आणावयाचे कोणी? हळूहळू अंगण रिकामे होते, सारे गडी बाद होतात, लोण चढतो आणि प्रतिपक्षास वर दोन गुण अधिक द्यावे लागतात. पकडीचे मोल हे असे दुहेरी आहे. तीत एक गुण तर मिळतोच, शिवाय शत्रूची तलवार काही काळ म्यानात जाते.

पुण्याचे तेव्हाचे प्रशिक्षक बी. सी. रमेश आणि संघाचे चालक यांनी २०२२ च्या पराभवानंतर जे केले, त्यात या तत्त्वाची जाण स्पष्ट दिसते. अस्लम, मोहित, पंकज मोहिते आणि आकाश शिंदे हे चारही तरुण चढाईपटू त्यांनी संघात कायम ठेविले. यांपैकी अस्लम हा अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळीभानचा, तर आकाश हा आपल्या नाशिकच्या आडगावचा. मोठ्या नावाचा एखादा चढाईपटू विकत घेण्याऐवजी या चौघांत कामाची वाटणी झाली. मोठी रक्कम खर्च झाली ती पकडीवर.

या खरेदीची हकीकत मनोरंजक आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगचौ येथे आशियाई क्रीडास्पर्धेचा कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला व भारताने तो ३३–२९ असा जिंकला. भारताच्या चमूत अस्लम आणि आकाश होते; इराणच्या बाजूस महंमदरेझा शादलुई हा बचावपटू होता. त्यानंतर दोनच दिवसांनी मुंबईस खेळाडूंचा लिलाव झाला आणि पुण्याने त्याच शादलुईस २ कोटी ३५ लाख रुपयांस घेतले. त्या हंगामी प्रत्येक संघाला खेळाडूंवर एकूण ५ कोटी रुपयेच खर्चता येत होते. श्रीमंत मालकाने सारेच चांगले गडी विकत घेऊ नयेत, म्हणून अशी मर्यादा घातलेली असते. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्येही १९९४ पासून संघाच्या वेतनखर्चास अशीच मर्यादा आहे. त्या मर्यादेतील जवळजवळ निम्मी रक्कम पुण्याने डाव्या कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या एका गड्यावर लावली. हा मोठाच धोका होता. पण घरी वाढविलेल्या चढाईपटूंवर विश्वास होता, म्हणूनच तो पत्करता आला.

आता फळ पाहू. बारा संघ, आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ. असे प्रत्येकाच्या वाट्यास २२ साखळी सामने आले. पुण्याने १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडविले आणि अवघे २ गमाविले. विजयास ५ आणि बरोबरीस ३ गुण या हिशेबाने हे ९४ गुण होतात. गुणतक्त्यात मात्र पुण्याच्या नावावर ९६ आहेत. हे वरचे दोन गुण पराभवांतून आले. सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरणाऱ्यास या स्पर्धेत तेव्हा एक गुण मिळत असे. याचा अर्थ असा की, तीन महिन्यांत हा संघ एकदाही दणदणीत हरला नाही. संघाची घडण समतोल असल्याची याहून चांगली साक्ष कोणती?

दुसरी साक्ष पारितोषिकांची आहे. सर्वोत्तम चढाईपटूचा मान दिल्लीच्या अशू मलिकने पटकावला. पुण्याकडे आला तो सर्वोत्तम बचावपटूचा मान. पकडींचे ९९ गुण मिळविणाऱ्या शादलुईने तो मिळविला. आणि साऱ्या हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला कर्णधार अस्लम इनामदार, जो चढाईही करतो आणि पकडीतही उतरतो.

उपांत्य सामन्यात पुण्याने पाटण्याच्या संघास ३७–२१ असे नमविले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरयाणाच्या संघाशी अंतिम गाठ पडली. दोन्ही बाजू सावध होत्या. पूर्वार्ध संपत आला असता पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणिले, आणि मध्यंतरास पुणे १३–१० असे पुढे गेले. उत्तरार्धाच्या आरंभीच हरयाणावर लोण चढला. हरयाणाने शेवटपर्यंत झुंज दिली, परंतु निकाल २८–२५ असा लागला. कर्णधार आणि सर्वांत महाग गडी दोघेही मैदानावर असता निर्णायक घाव पंकजने घातला. कामाची वाटणी म्हणतात ती हीच.

तथापि यशाचे चित्र अर्धेच रंगवून थांबणे योग्य नव्हे. पुढच्याच हंगामात शादलुई हरयाणाच्या संघात गेला, अस्लमला पुन्हा दुखापतीने गाठले, आणि पुणे बाद फेरीपर्यंतही पोचले नाही. विजेतेपद मिळविले ते हरयाणाने, आणि तेही २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्याच्याच बालेवाडीत! व्यावसायिक खेळात संघ दर लिलावात मोडतो व पुन्हा बांधावा लागतो, आणि खेळाडूचे भवितव्य एका गुडघ्यावर तोललेले असते. मुलास या खेळात घालू पाहणाऱ्या पालकांनी लिलावातील आकड्यांइतकाच याही गोष्टीचा विचार करावा. त्याचे शिक्षण सोडवू नये.

श्रोतेहो, आपल्या गावातील डाव पाहावयास पुढच्या वेळी गेलात, तर एक गोष्ट अवश्य करा. चढाई करणारा मध्यरेषा ओलांडून गेला की त्याच्यावरची दृष्टी क्षणभर काढा आणि समोरच्या कोपऱ्यात वाकून उभ्या असलेल्या मुलाकडे पाहा. तो घोटा कधी धरतो, शेजारचा गडी त्याच्या मदतीस किती लवकर धावतो, हे न्याहाळा. पकड साधली तर टाळी त्यालाही द्या. पुण्याचा विजय अशाच कोपऱ्यांतून घडला होता.