फळी वाळवण्याआधी काय करायचं?

आधी एक सोपा प्रश्न. ओली फळी कडक उन्हात ठेवली की लवकर वाळेल, बरोबर? वाळेल, पण बऱ्याचदा चिरेलही. आणि खोलवर चिरलेली फळी पुन्हा सांधत नाही. तेवढं लाकूड वाया, सुताराचे पैसेही वाया.

असं का होतं? लाकडात पाणी दोन जागी असतं. काही पेशींच्या पोकळीत मोकळं, काही पेशींच्या भिंतीत मुरलेलं. मोकळं पाणी गेलं तरी लाकूड सहसा आकसत नाही. ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली आला की भिंतीतलं पाणी निघू लागतं आणि लाकूड आकसतं. आता गंमत बघा. बाहेरचा थर आधी वाळतो, त्याला आकसायचं असतं. आतलं लाकूड अजून ओलंच, ते त्याला आकसू देत नाही. या ओढाताणीत भेगा पडतात.

म्हणून खरं काम वाळवण्याआधीच सुरू होतं. तीन उपाय सांगतो.

पहिला, सगळ्यात स्वस्त. टोकं बंद करा. लाकडाच्या नळ्या लांबीच्या दिशेनं असतात, त्यामुळे पाणी आडव्या दिशेपेक्षा त्या दिशेनं 10 ते 15 पट वेगानं सरकतं. म्हणून कापल्या कापल्या टोकांना मेण किंवा जाड रंग लावायचा. भेग पडल्यावर लावून उपयोग नाही.

दुसरा, वाफ. भट्टीत वाळवण्याआधी ओल्या फळ्यांना काही तास 100 अंशांच्या आसपास वाफ देतात. काही जातींत त्यामुळे पाण्याची वाट मोकळी होते आणि वाळण्याचा वेळ वाचतो. पण सगळ्यांना हे मानवत नाही. नीलगिरीचं लाकूड ओलं असताना जास्त तापवलं तर पेशी चेपतात आणि फळी वेडीवाकडी होते.

तिसरा, पाण्याच्या जागी दुसरं काही भरणं. स्वीडनचं वासा जहाज 1628 मध्ये बुडालं, 1961 मध्ये वर काढलं. तसंच वाळवलं असतं तर तडकलं असतं. म्हणून 1962 पासून 17 वर्षं त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल फवारलं. हा मेणासारखा पदार्थ भिंतीत बसतो आणि तिला आकसू देत नाही. मग जहाज सावकाश वाळवलं. आज ते स्टॉकहोमच्या म्युझियममध्ये उभं आहे. रोजच्या फर्निचरला मात्र हा उपाय महाग पडतो.

तर तुमच्याकडे ओली फळी आली, की आधी टोकं बंद करा. मग सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी रचा. उन्हाची घाई नको. भेटू पुढच्या भागात!