खवट करंजी आणि काळे तेल

दिवाळी सरली की आमच्या गंगापूर रोडवर घरोघरी डब्याच्या तळाशी दोनचार करंज्या उरतात, त्याही खवट! हवेतील प्राणवायूने तेल व खोबरे बिघडते. उजेड आणि उष्णता त्याला हातभार लावतात. ई जीवनसत्त्वही नासते. एखाद्या करंजीने फार तर पोट कुरकुरेल. खरे भय कढईतल्या, पुनःपुन्हा तापवलेल्या तेलाचे. ‘कढवले की झाले,’ म्हणणाऱ्या सुगरणींनो, वास उडतो, पण तेल अधिकच बिघडते! असे तेल नित्य पोटात गेल्यास रक्तवाहिन्यांचे व यकृताचे विकार संभवतात. तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली, की ते वापरू नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून देशात लागू आहे. घरी मोजणार कसे? तेल दाटले, फेसाळले, लवकर धुरावले, की समजावे.