डिस्क खरंच ‘बेंड’ होते का?

समृद्धी महामार्गावरून ताशी 120 किलोमीटरने आलेली दोन टनांची एसयूव्ही छत्रपती संभाजीनगरजवळच्या सावंगी किंवा माळीवाडा इंटरचेंजला उतरते आणि टोलनाक्यापाशी थांबते. हा सगळा वेग ब्रेकने मारला, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेवर सुमारे सव्वातीन लिटर साधं पाणी उकळीला येईल. वेग 80 असता तर ही उष्णता निम्म्याहूनही कमी झाली असती, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अशा काही महिन्यांच्या प्रवासानंतर ब्रेक दाबताच स्टेअरिंग थरथरू लागतं. गॅरेजमधलं उत्तर तयारच असतं: डिस्क बेंड झाली, बदलावी लागेल.

डिस्क बिडाची असते. बीड तडकतं, झिजतं, पण पत्र्यासारखं सहजासहजी वाकत नाही. रेसिंग अभियंता कॅरोल स्मिथ यांनी ‘वाकलेल्या डिस्क’च्या समजुतीवर एक सविस्तर लेख लिहिला होता. त्यांच्या मते बहुतेक वेळा दोष डिस्कवर असमान चिकटलेल्या पॅडच्या थराचा असतो. टोलनाक्यावर तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं, तर पॅडचा ठसा त्याच जागी उमटू शकतो. अशा ठशामुळे किंवा असमान झिजेमुळे डिस्कच्या जाडीत दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक पडला, तरी हाताला थरथर जाणवते. माणसाचा केस याहून जाड असतो.

खरा घोटाळा पुढे आहे. ‘नवी डिस्क टाकली की प्रश्न मिटला’ हा सर्वांत महागडा गैरसमज. नवी डिस्क बसते हबवर. हबवर गंजाची पापुद्र्याएवढी खपली राहिली, तर डिस्क किंचित तिरकी बसते आणि हा तिरकेपणा कडेला आणखी वाढतो. चाकाचे नट हवेच्या गनने कमी-जास्त आवळले तरी तेच. सुरुवातीला काहीच कळत नाही. पण डिस्कची तीच बाजू प्रत्येक फेऱ्यात पॅडला घासत राहते, ब्रेक न मारताही. तिथे ती झिजते आणि काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते. मालकाला वाटतं, पार्टच खराब निघाला.

हा तिरकेपणा, म्हणजे रनआउट, डोळ्यांनी दिसत नाही. चाक काढून, डिस्क नटांनी नीट आवळून, कडेजवळ डायल गेज लावून ती एक फेरा फिरवायची. अनेक गाड्यांना 0.05 ते 0.10 मिलिमीटरपर्यंतच सूट असते. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला धरावा. मग मायक्रोमीटरने डिस्कची जाडी सात-आठ ठिकाणी मोजायची. वाळूजला दुचाकींचे डिस्क ब्रेक बनतात, शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या जोडल्या गेल्या. मायक्रॉनमध्ये काम करणाऱ्या संभाजीनगरात ही साधनं दुर्मीळ नाहीत. ती गॅरेजमध्येही वापरली जायला हवीत.

थरथर म्हणजे ब्रेकच, असंही नाही. ब्रेक न दाबताच 80 ते 100च्या वेगात गाडी हादरत असेल, तर आधी टायर आणि व्हील बॅलन्सिंग पाहावं. फक्त ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग हललं तर बहुधा पुढच्या डिस्क, सीट हलली तर मागचे ब्रेक. लोअर आर्मचे बुश सैल झाले असतील तर छोटा दोषही मोठा वाटतो. आणि जोरात ब्रेक मारताना पेडल पायाखाली धडधडतं, तो एबीएस काम करत असल्याचा संकेत असतो. तेव्हा घाबरून पाय उचलू नये.

आता पार्ट. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला रुबाबदार असतात, पण रोजच्या वापरातल्या जड गाडीला त्यांचा फारसा उपयोग नाही. भोकांपासून तडेही सुरू होऊ शकतात. ‘कडक पॅड जास्त टिकतो, म्हणून तोच चांगला’ हेही खरं नाही. तो डिस्क खाऊ शकतो आणि आवाजही करतो. कंपनीने त्या मॉडेलला ठरवलेल्या दर्जाचा पॅड घ्यावा. डिस्क एकाच बाजूची न बदलता अ‍ॅक्सलवरच्या दोन्ही बदलाव्यात. जुनी डिस्क लेथवर तासून घेता येते, मात्र तासल्यानंतरची जाडी डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा जास्त उरली पाहिजे. कॅलिपरच्या स्लाइड पिन मोकळ्या सरकतात का, हेही त्याच वेळी तपासावं. अडकलेली पिन नवा पॅडही एका बाजूने खाऊन टाकते.

नवे पॅड बसवल्यावर त्यांचा थर डिस्कवर सारखा बसावा म्हणून मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारावा, पूर्ण न थांबता. मग थोडं अंतर ब्रेक न वापरता चालवून ते थंड होऊ द्यावेत. कन्नडच्या औट्रम घाटात उतरताना तर गिअर खालचाच हवा. दोन टनांची गाडी 100 मीटर खाली येते तेव्हा 120 वरून जवळजवळ दोनदा थांबण्याइतकी ऊर्जा मोकळी होते. ती सगळी ब्रेकवर टाकू नये.

गॅरेजवाल्याने डिस्क बदलायला सांगितलं, तर होकार देण्याआधी रनआउट, मोजलेली जाडी आणि किमान जाडी हे तीन आकडे जॉब कार्डवर लिहून मागा.