गडावरचे पाणी आणि पोटाचे आरोग्य

सह्याद्रीतील गडांवर कातळात खोदलेल्या टाक्यांतील पाणी दिसावयास कितीही नितळ असले, आणि पूर्वी गडाची सारी शिबंदी त्यावरच निभावत असली, तरी ते उकळल्यावाचून प्राशन करणे हिताचे नव्हे. कारण अतिसार, विषमज्वर व कावीळ यांचे जंतू डोळ्यांस दिसत नाहीत. पाण्यास खळखळून फुटलेली उकळी १ मिनिट टिकू द्यावी. २,००० मीटरांहून अधिक उंचीवर ३ मिनिटे लागतात. परंतु महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर जे कळसूबाई, तेही १,६४६ मीटरच असल्यामुळे आपल्या मुलखात १ मिनिटच पुरेसे होते. उकळण्याऐवजी क्लोरीनची गोळी टाकून भागत नाही, कारण तिला क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी दाद देत नाही.

पुष्कळदा खरा दोष पाण्याचा नसून हातांचा असतो, हे आग्रहाने सांगितले पाहिजे. शौचानंतर आणि दडपे पोहे कालवण्यापूर्वी, नखांच्या कडा व बोटांच्या बेचक्यांसह, साबणाने २० सेकंद हात चोळावेत. साबणाऐवजी मद्यार्कयुक्त सॅनिटायझरवर विसंबू नये, कारण तो नोरोव्हायरस या पोट बिघडवणाऱ्या विषाणूवर फारसा चालत नाही. हे हात धुणे टाक्याच्या काठी कदापि करू नये, पाणी तांब्याने दूर न्यावे. शौचास टाके, ओढा व वाट यांपासून किमान ६० मीटर अंतरावर जाऊन वीतभर खोल खड्डा खणावा आणि तो मातीने बुजवावा.

जुलाब सुरू झालेच, तर १ लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजत राहावे, आणि शौचात रक्त दिसल्यास विनाविलंब गड उतरून दवाखाना गाठावा.