राणा प्लाझानंतर काय बदललं?

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावरमधली आठमजली राणा प्लाझा इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसं दगावली. आदल्याच दिवशी भेगा दिसल्याने खालची बँक व दुकानं बंद झाली. वरच्या कारखान्यांतल्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं.

• २०१३ : बांगलादेश अकॉर्ड. ब्रँड व कामगार संघटनांमधला इमारत आणि अग्निसुरक्षेचा बंधनकारक करार.
• २०१७ : फ्रान्सचा कायदा. पुरवठादारांकडील मानवी हक्क व पर्यावरणाचे धोके टाळण्याचा आराखडा मोठ्या कंपन्यांना सक्तीचा.
• २०२३ : जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा लागू.

माल मागवणाऱ्याने तो शिवणाऱ्यांच्या जिवाचीही जबाबदारी घेतलीच पाहिजे.