जुनी चारचाकी : प्रतिष्ठा, गरज आणि कागद

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत काम करणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत सध्या एक विषय वारंवार निघतो आहे. एक जुनी, लहान चारचाकी घ्यावी काय? हाताशी रक्कम आहे दोन लाखांच्या आसपास. वरवर पाहता हा घरगुती प्रश्न. वर्तमानपत्राच्या स्तंभात त्याला जागा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु हाच प्रश्न आज वस्तीतल्या शिक्षकाच्या घरात आहे, एमआयडीसीतल्या कामगाराच्या घरात आहे, एसटीतून निवृत्त झालेल्या वाहकाच्या घरात आहे. आयुष्यभराच्या बचतीचा मोठा हिस्सा एका दुपारी, एका एजंटच्या शब्दावर, चार सह्यांत निघून जातो. म्हणून या प्रश्नाचा जाहीर विचार झाला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

वाहन आणि प्रतिष्ठा यांचे नाते आपल्या समाजाला कोणी वेगळे शिकवण्याची गरज नाही. 1901 साली बालपणी भीमराव आणि भावंडे वडिलांना भेटायला कोरेगावकडे निघाली, तेव्हा मसूर स्टेशनवर दुप्पट भाडे देऊनही बैलगाडी हाकायला कोणी तयार नव्हते. शेवटी मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवान सोबत पायी चालणार, असा तोडगा निघाला. 1929 साली हेच भीमराव बॅरिस्टर होऊन, सरकारी समितीचे सदस्य म्हणून चाळीसगावला आले. टांगेवाल्याने टांगा दिला, पण महाराला बसवून तो हाकणार नाही म्हणाला. मग आपल्याच एका बांधवाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. टांगा उलटला, बाबासाहेब खाली पडले आणि त्यांचा पाय मोडला.

या प्रसंगाचा एकच अर्थ आपण नेहमी सांगतो, तो म्हणजे अस्पृश्यतेचा. तो खराच आहे. परंतु बाबासाहेबांनी स्वतः तो प्रसंग लिहिताना आणखी एक गोष्ट नोंदवली. चाळीसगावच्या लोकांनी पाहुण्याचा मान राखण्याच्या ओढीत पाहुण्याच्या जिवाचा विचार बाजूला ठेवला, ही ती गोष्ट. पाहुण्याने पायी चालत वस्तीत येणे त्यांना कमीपणाचे वाटले. आज जुनी गाडी घेताना हीच कसोटी लावली पाहिजे. मान हवाच, परंतु हाकणारा कोण, टांगा कसा आणि पडलो तर जबाबदार कोण, हे आधी विचारले पाहिजे.

प्रथम गरज तपासू. बारामतीहून भवानीनगर, जंक्शन, निमगाव केतकीमार्गे इंदापूर सुमारे 50 किलोमीटर. या पट्ट्यात साखर कारखाने आहेत. गाळप हंगामात रात्री उसाचे ट्रॅक्टर आणि दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अशा रस्त्याने रात्री दहा वाजता मोटारसायकलवर तिघे येणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. एसटी हा गरिबाचा खरा आधार. महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे, 75 वर्षांवरील ज्येष्ठांना 2022 पासून प्रवास मोफत आहे. दिवसा, मुख्य रस्त्यावर, एसटीइतके स्वस्त काही नाही. परंतु अन्यायाची खबर एसटीच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही. शिवाय 2021-22 च्या संपात एसटी कित्येक महिने थांबली, तेव्हा फाट्यापासून आत असलेल्या वस्त्यांचे काय हाल झाले ते सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा गरज आहे, हे मान्य.

आता हिशोब मांडू. येऊन-जाऊन 100 किलोमीटर. जुनी लहान पेट्रोल गाडी लिटरला 16 किलोमीटर धरली, पेट्रोल शंभरीच्या पुढे, तर एका फेरीचे इंधन साडेसहाशे रुपये. हा खर्च सर्वांना दिसतो. न दिसणारा खर्च वेगळाच आहे. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, अचानक निघणारे काम यासाठी वर्षाला 30 हजार बाजूला ठेवले पाहिजेत. दोन लाखांची गाडी चार वर्षांनी एक लाखाला विकली, तर वर्षाला 25 हजार किंमत घटली. हे दोन्ही मिळून महिन्याला सुमारे 4600 रुपये होतात, गाडी दारात उभी असली तरी. म्हणजे महिन्याला चारच फेऱ्या झाल्या तर एक फेरी 1800 रुपयांना पडते. एवढ्यात गावातली भाड्याची गाडी चालकासह मिळू शकते. दहा फेऱ्या झाल्या तर एक फेरी 1100 रुपयांच्या आसपास येते. तेव्हा साधा नियम असा : महिन्याला पाच-सहा लांबच्या फेऱ्या नक्की असतील तरच गाडीचा विचार करावा. वर्षातून एकदा चैत्यभूमीला, एकदा भीमा-कोरेगावला आणि दोन लग्नांना जायचे असेल तर गाडी भाड्याने करावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

कर्ज काढून जुनी गाडी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. फायनान्सवाला 'फक्त 12 टक्के' म्हणतो. तो दर फ्लॅट असतो. दीड लाखाला तीन वर्षांत 54 हजार व्याज, म्हणजे महिन्याचा हप्ता 5667 रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण दीड लाखावर आकारले जाते. घटत्या शिलकीने मोजले तर हाच दर 21 टक्क्यांच्या वर जातो. बँकेचा आणि फायनान्सचा दर एकाच पद्धतीने मोजून मगच तुलना करावी. आणि हप्ता थकला, रस्त्यात चार माणसांनी गाडी अडवली, तर घाबरू नये. कर्जवसुलीसाठी गुंड पाठवून वाहन ओढून नेण्याच्या प्रकारावर सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली प्रकाश कौर प्रकरणात कडक ताशेरे ओढले आहेत. वसुली कायद्याच्या मार्गानेच झाली पाहिजे. परंतु न्यायालयात जिंकण्यापेक्षा त्या फेऱ्यात न पडणे अधिक शहाणपणाचे.

आता कागदांकडे वळू. आपली माणसे इंजिनाचा आवाज ऐकतात, रंग पाहतात, दारे आपटून पाहतात. कागद मात्र 'एजंट करतो' म्हणून सोडून देतात. विकणारा कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून देतो, घेणारा ते कपाटात ठेवतो, आणि गाडी वर्षानुवर्षे जुन्याच मालकाच्या नावावर धावते. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 50 सांगते की विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला हस्तांतर कळवले पाहिजे. एमएच-42 पासिंगच्या गाडीसाठी हे काम बारामतीच्याच परिवहन कार्यालयाचे आहे. नमुना 29 आणि 30 त्यासाठीच असतात. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीचे ना हरकत पत्र आणि नमुना 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

हे न केल्यास काय होते? सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात फिरली होती आणि मग अपघात होऊन मृत्यू झाला. न्यायालयाने ठरवले की अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. पीडिताने एकामागून एक खरेदीदार शोधत फिरावे, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. म्हणून गाडी विकणाऱ्या बांधवांनाही आमचे सांगणे आहे. गाडी दारातून गेली म्हणजे सुटलो असे समजू नका, आरसीवरून नाव गेले म्हणजे सुटलात. विक्रेता जुन्या गाड्यांचा व्यापारी असेल तर एप्रिल 2023 पासून त्याच्यासाठी अधिकारपत्राची तरतूद झाली आहे. ते अधिकारपत्र दाखवा असे निःसंकोच म्हणावे.

विम्याचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. पुष्कळ लोक फक्त थर्ड पार्टी विमा काढतात, कारण तो स्वस्त पडतो. 2022 च्या अधिसूचनेत 1000 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला हा हप्ता 2094 रुपये ठरला. परंतु या विम्यात रस्त्यावरचा माणूस येतो, तुमच्या गाडीत फुकट बसलेला माणूस येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली तिलक सिंग प्रकरणात हे तत्त्व मांडले. 2012 साली बालकृष्णन प्रकरणात स्पष्ट केले की पॅकेज पॉलिसी असेल तरच गाडीतील प्रवाशांना विम्याचे संरक्षण मिळते. आपल्या गाड्या कधी रिकाम्या धावतात काय? मागे चार, पुढे दोन, मांडीवर एक. दवाखान्याला निघालेली बाई, साक्षीला निघालेला म्हातारा, सभेला निघालेली पोरे. उद्या काही घडले तर त्यांच्या घरच्यांना देण्यासाठी मालकाची झोपडी विकावी लागेल. म्हणून पॅकेज पॉलिसीच घ्यावी, गाडी घेतल्यावर 14 दिवसांच्या आत ती आपल्या नावावर करून घ्यावी आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवू नयेत. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस घेणाऱ्याला मिळत नाही, तोही हिशोबात धरू नये. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे घेऊन माणसे नेली तर परवान्याचा भंग होतो आणि विमा कंपनीला हात झटकण्याचे निमित्त मिळते.

गाडीचे वयही पाहावे. 15 वर्षांची नोंदणी संपत आलेली गाडी स्वस्त दिसते, पण फेरनोंदणीची फी एप्रिल 2022 पासून 5000 रुपये झाली आहे, वर पर्यावरण कर आणि तपासणीपूर्वीची दुरुस्ती. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लावली आहे का, ते पाहावे. थकलेली ई-चलने नंबर टाकून मोबाईलवर दिसतात. आणखी एक गोष्ट आपल्याच उसाची. ज्या उसाच्या पट्ट्यात आपण राहतो त्याच उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळते. एप्रिल 2023 पूर्वीच्या बहुतेक गाड्या या प्रमाणासाठी घडवलेल्या नाहीत. मायलेज थोडे घटते, रबरी नळ्या आणि सील लवकर खराब होऊ शकतात. ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेऊन ते तपासून घ्यावे, त्याची मजुरी द्यावी. तीनशे-चारशे रुपये वाचवून दोन लाख धोक्यात घालणे हा कोणता व्यवहार?

भावात घासाघीस करण्याचीही लाज वाटू देऊ नये. सप्टेंबर 2025 मध्ये लहान नव्या मोटारींवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. पूर्वी तो उपकरासह 29 टक्के होता. नवी स्वस्त झाली की जुनी उतरलीच पाहिजे. जुने दर सांगणाऱ्या विक्रेत्याला हे ऐकवावे.

चळवळीच्या मित्रांना एक वेगळी सूचना. अत्याचारग्रस्त कुटुंबाला आणि साक्षीदारांना पोलीस ठाण्यात, न्यायालयात नेण्यासाठी गाडी हवी, असे बैठकीत सांगितले जाते. परंतु अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, 1995 मधील नियम 11 नुसार पीडित, त्यांचे अवलंबित आणि साक्षीदार यांना प्रवास खर्च व दैनिक भत्ता देणे ही शासनाची जबाबदारी आहे. महिला, वृद्ध, अल्पवयीन आणि अपंग यांच्यासोबतच्या मदतनीसाचा खर्चही त्यात येतो. 2016 पासून लागू झालेल्या कलम 15अ ने हा हक्क कायद्यातच आणला. हा खर्च मागण्याचे अर्ज किती जण करतात? आपण खिशातून पेट्रोल घालत राहिलो तर शासनाची जबाबदारी आपोआप आपल्या अंगावर येते. गाडी असो वा नसो, प्रत्येक तारखेचा अर्ज दिलाच पाहिजे आणि त्याची पोच घेतलीच पाहिजे.

दहा जणांनी वर्गणी काढून एकाच्या नावावर गाडी घेण्याची पद्धतही धोक्याची आहे. आरसीवर नाव त्याचे, अपघाताची जबाबदारी त्याची, आणि भांडण झाले की गाडीही त्याचीच. नोंदणीकृत संस्था असेल तर ठराव करून गाडी संस्थेच्या नावावर घ्यावी. कोण चालवणार, कोणाचा परवाना, किल्ली कोणाकडे, हे लिहून ठेवावे. गाडीत एक वही असावी. तारीख, किलोमीटर, काम, सही. ज्या संघटनेला गाडीचा हिशोब ठेवता येत नाही, तिने गाडी घेऊ नये.

आमच्या बैठकीत शेवटी ठरले ते असे. गाडी घ्यायची, पण संस्थेच्या नावावर. कर्ज नाही. दोन लाखांपैकी दीड लाखाच्या वरची गाडी पाहायची नाही, उरलेले 50 हजार नावांतर, पॅकेज विमा, टायर आणि पहिल्या दुरुस्तीसाठी. पूर्ण रक्कम कागद झाल्यावरच, तीही बँकेतून. आणि पुढचे तीन महिने आत्ताच्या भाड्याच्या फेऱ्या वहीत लिहायच्या. महिन्याला सहा फेऱ्या भरल्या नाहीत, तर हा पैसा मुलांच्या अभ्यासिकेकडे वळवायचा. काही तरुणांना हा उशीर आवडला नाही. शेजारच्या आळीतल्या लोकांनी गाडी नाही म्हणून नाक मुरडले तर, असे एकाने विचारले. त्यांना आम्ही चाळीसगावचा टांगा आठवायला सांगितला. लोक काय म्हणतील म्हणून न शिकलेल्या हाताने हाकलेली गाडी कोठे जाते, ते आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच कळले आहे. वाचकांनीही आपापल्या घरी हिशोबाची वही उघडावी, मग गाडीचे दार.